सरड्याची धाव कुंपणापर्यंत, टिप्याची कुठवर?

“बाय, ऐकलंस का? आमचा पोऱ्या कंपाऊंडला करंट सोडनार हाय!”

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात बातमी कळायला पेपर लागत नाही. आमच्या आणि काकूंच्या घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. कपडे वाळत घालून झाले की काकू तिच्यावर दोन्ही कोपरं टेकवतात आणि बातमीपत्र सुरू होतं. कोणाचं लग्न जमलं, कोणाच्या बिल्डरने ताबा पुढे ढकलला, मच्छीवालीने सुकट कितीला लावली, सगळं तिथेच कळतं. त्या दिवशीची ठळक बातमी टिप्याची होती.

टिप्या म्हणजे काकूंच्या धाकट्याचा कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. जात विचाराल तर शुद्ध हेंद्रेपाडा. त्याला दोनच गोष्टी येतात, खाणं आणि पळणं. पाववाल्याच्या सायकलची घंटी वाजली की टिप्या आधी भिंतीवर असतो आणि मग गल्लीत. परवा तर पाववाला सायकलसकट गटारात गेला. पाव भिजले, ढोपर फुटलं, धाकट्याला भरपाई द्यावी लागली. त्याच रात्री त्याने मोबाइलवर कुठल्या तरी फार्महाऊसचा व्हिडिओ पाहिला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

“करंट कुठून सोडणार पण?” मी विचारलं.

“मीटरमधून वायर काढनार म्हनं. तार भिंतीवर फिरवायची, रातचा बटन चालू, सकाली बंद.”

एवढ्यात समोरचे नाना दुधाची पिशवी हलवत आले. नानांची उभी हयात वीज मंडळात खांबावर चढण्यात गेली. ‘मीटरमधून वायर’ हे शब्द कानावर पडले की त्यांच्या पायाला ब्रेक लागतो.

“काकू, त्याला सांगा, वायर नंतर आण. आधी वकील बघ.”

“का ओ नाना? शेतावर तर सगलेच लावतात.”

“शेतावर लावतात ती झटका मशीन. ती वेगळी, मीटरची वायर वेगळी. घरातला करंट 230 व्होल्टचा. तो एकदा अंगात शिरला की शिरतच राहतो. हाताचे स्नायू असे आवळतात की माणसाला मूठ उघडता येत नाही. सोडवायला जो धावतो, तोही चिकटतो. झटका मशीन पाच ते दहा हजार व्होल्ट फेकते...”

“दहा हजार!” काकूंनी भिंतीवरची कोपरं उचलली.

“ऐका तरी. फेकते, पण सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागापुरती. मग सेकंद-सव्वा सेकंद गप्प. म्हणून टक्... टक्... असा आवाज येतो. तेवढ्या फटीत जनावर मागे सरतं. शिवाय एका झटक्यातली ऊर्जा किती असावी त्याला आंतरराष्ट्रीय मानक आहे, पाच जूलच्या आत. दणका बसतो, जीव वाचतो.”

“म्हंजे दहा हजारवाला बरा आनि दोनशे तीसवाला वाईट? उलटाच कारभार!”

“व्होल्ट किती ते नंतर. धरून किती वेळ ठेवतो, ते आधी विचारायचं,” नाना म्हणाले.

मला वाटलं विषय संपला. पण निवृत्त वायरमनला श्रोता मिळाला की तो मेन स्विच पाडेपर्यंत थांबत नाही. नानांनी दुधाची पिशवी भिंतीवर ठेवली. दूध तापवायची घाई त्यांच्या घरी असते, त्यांना नसते.

“विदर्भात काय झालं ठाऊक आहे? उमरेड-कऱ्हांडल्याचा जय वाघ, ज्याला बघायला मुंबईची माणसं जात होती, त्याचा पोरगा श्रीनिवास. गळ्यात रेडिओ कॉलर होती, वनखातं त्याच्या मागावर होतं. एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे शेताच्या जिवंत तारेला लागून मेला आणि शेतात पुरलेला सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रह्मपुरीहून पकडून बोर अभयारण्यात सोडलेली वाघीण तशीच गेली. शेतकऱ्याला डुक्कर हाकलायचं होतं. तारेला कुठे कळतंय डुक्कर कोण आणि वाघ कोण!”

“वाघ मेला, तर आमचा टिप्या कोन?”

“टिप्याचं सोडा हो काकू. पहाटे पाच वाजता तुमची जास्वंद तोडायला कोण कोण येतं?”

इथे काकू गप्प झाल्या, मीही झाले. हेंद्रेपाड्यात देवपूजेची फुलं दुसऱ्याच्या कुंपणातली असली तरच देवाला पावतात, असा समज आहे. पहाटे फुलं तोडणाऱ्यांत दोन आज्या, एक निवृत्त मास्तर आणि नानांची सौभाग्यवती आहेत. रात्री सोडलेला करंट सकाळी बंद करायला धाकट्याला आठ वाजेपर्यंत जाग येत नाही. शिवाय पोरांचा चेंडू आहे, गॅसवाल्याचा हात आहे, भिंतीवर ओली चादर टाकणारी मी आहे. माणूस दगावला तर पोलिस सदोष मनुष्यवधाचं कलम लावतात आणि ‘मी कुत्र्यासाठी लावली होती’ हे उत्तर कोणी लिहूनही घेत नाही. राखणीला लावलेलं कुंपणच शेत खाऊ लागलं तर दाद कोणाकडे मागायची?

“मग ती टकटकवाली आनू का?” काकूंचा पुढचा प्रश्न.

आता टकटकवाली काही वाईट नाही. जंगलाकाठी रानडुकरं रात्रीत भात लोळवून टाकतात, तिथे तिचा उपयोग आहे. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वनखातं जंगलाकाठच्या शेतकऱ्याला सौर कुंपणासाठी 75 टक्के अनुदान देतं, ते उगीच नाही. पण ते कुंपण बाहेरच्याला बाहेर ठेवायला असतं आणि शेत मोठं असतं. इथे टिप्याला मिळून अंगण केवढं? तुळस, बोअरिंग, धाकट्याची मोटारसायकल आणि पापड वाळवायची खाट. चारही बाजूंनी झटका लावला तर त्या जिवाने शेपूट हलवायचं कुठे?

नानांची तांत्रिक हरकत निराळी. या तारेचा सगळा खेळ जमिनीवर चालतो. तारेतून निघालेला झटका जनावराच्या अंगातून, पायातून, मातीतून मशीनकडे परत गेला तरच बसतो. म्हणून तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही. मे महिन्यात आपल्याकडची माती फुटाण्यासारखी कोरडी होते, अर्थिंगला पाणी घातलं नाही तर मशीन नुसती टकटकते. पावसाळ्यात उलट. भोपळ्याचा वेल आणि गवत तारेला चिकटतं आणि सगळा झटका त्यातून मातीत जातो. म्हणजे उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी, पावसाळ्यात कोयता. कुत्र्याला फिरवायला वेळ नाही म्हणून मशीन आणायची आणि मग मशीनची शेवा करायची.

“सेवा,” नाना म्हणाले.

“तेच ते,” काकू म्हणाल्या. कारण वरचं सगळं त्या बोलत होत्या. नानांचं ऐकून घेऊन स्वतःचं म्हणून सांगण्यात त्यांचा हात धरणारा पाड्यात कोणी नाही.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून वहिनींचा आवाज आला. वहिनी मूळच्या डोंबिवलीच्या, त्यामुळे मत मागितलं नाही तरी देतात. “अहो, तार दिसायलाच कशाला हवी? माझी बहीण न्यू जर्सीत राहते, तिच्याकडे न दिसणारं कुंपण आहे. सगळ्या गल्लीत एक भिंत नाही, आणि कुत्रा रेषा ओलांडत नाही!”

हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला श्रद्धा म्हणावं लागेल. न दिसणारी गोष्ट आणि तीही अमेरिकेतली.

वहिनींनी मग गॅलरीतूनच पाठ दिला. जमिनीत चार बोटं खोल एक वायर पुरायची, सगळ्या अंगणाभोवती. घरात एक डबा, तो त्या वायरीतून रेडिओचा संदेश सोडतो. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, त्यात छोटं यंत्र आणि कातडीला टेकणारी धातूची दोन टोकं. कुत्रा वायरीजवळ गेला की आधी ‘बीप’ वाजतं. तरी पुढे गेला तर मानेला झटका. पहिले काही दिवस रेषेवर छोटे झेंडे रोवतात आणि कुत्र्याला दोरीला धरून शिकवतात, की झेंडा दिसला, बीप वाजला की मागे फिरायचं. मग झेंडे काढून घेतात. ही युक्ती रिचर्ड पेक नावाच्या अमेरिकन माणसाची. हा तिथला फिरता विक्रेता होता. 1973 साली त्याला पेटंट मिळालं आणि तिकडे त्यावर मोठा धंदा उभा राहिला. अमेरिकेत पुष्कळ वसाहतींत भिंत घालायला परवानगीच नसते, म्हणून ही युक्ती तिथे रुजली.

“आनि तिथं भटके कुत्रे नसतील,” काकू म्हणाल्या.

मी मनातल्या मनात काकूंना नमस्कार केला. सगळी गोम इथेच आहे. पुरलेली वायर फक्त पट्टा घातलेल्याला अडवते. गल्लीतल्या काळ्याच्या टोळीच्या गळ्यात पट्टा नाही. ती टोळी आत येणार, टिप्याच्या ताटलीतलं खाणार, टिप्याला फोडणार आणि निघून जाणार. टिप्या मात्र अंगणाच्या मध्यावर उभा. पुढे गेला तर मानेला झटका आणि मागे गेला तर काळ्या.

दुसरी गोष्ट पाववाल्याची. सायकलची घंटी ऐकून जो कुत्रा भिंत उडी मारून ओलांडतो, तो एका झटक्याला भीक घालेल? आवेशात पार होईल. झटका बसून बाहेर पडलेल्या कुत्र्याला घरी परत यायला तीच रेषा ओलांडावी लागते आणि तेव्हा आवेश उतरलेला असतो. मग तो येत नाही. गल्लीच्या टोकाला बसून घराकडे बघत राहतो. कुंपण कुत्र्याला आत ठेवण्यासाठी होतं, ते त्याला बाहेर ठेवायला लागलं.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कुत्रा कारण कसं जोडतो? वायर त्याला दिसत नाही, दिसतो रेषेपलीकडून जाणारा पोरगा. पोरगा दिसला, जवळ गेलो, मान पोळली. दोन-चारदा असं झालं की त्याच्या लेखी पोळवणारा पोरगाच. रिचर्ड पोल्स्की या अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञाने 2000 साली अशा पाच कुत्र्यांची प्रकरणं मांडली, अशा कुंपणात राहिलेल्या आणि माणसांवर गंभीर हल्ला केलेल्या. पाच म्हणजे काही सगळे नव्हेत. पण आमच्या गल्लीतून शाळेची पोरं दोन वेळा जातात, तेव्हा मला पाच पुष्कळ झाले. वेल्सने तर 2010 मध्ये विजेचे झटके देणाऱ्या पट्ट्यांवर कायद्याने बंदी घातली.

“पट्टा कायम गल्यात ठेवायचा का ओ वहिनी?” काकूंनी वर बघत विचारलं.

“नाही, रात्री काढायचा म्हणते बहीण. नाहीतर ती टोकं रुतून मानेला जखमा होतात.”

“आनि आपल्याकडं पावसाचे चार महिने केस वालत नाय त्याचे. मान सडंल मेल्याची.”

वहिनींनी मग बिनतारी प्रकार पुढे केला. त्यात वायर नाही, घरातल्या यंत्राभोवती गोल आखून द्यायचा. काकूंच्या घरात यंत्र ठेवून गोल काढला तर त्यात आमचं स्वयंपाकघर, नानांचा ओटा आणि अर्धी गल्ली येते. टिप्याला माझ्या फोडणीच्या वासाने आमच्याकडे यायला आयती परवानगी. उपग्रहावर चालणारे पट्टेही मिळतात, पण ते काही मीटर इकडेतिकडे चुकतात आणि आमच्या घरांमधली जागाच काही फुटांची. वायर पुरायची म्हटलं तर आमची गल्ली आज पाण्याच्या लाइनसाठी, उद्या गॅससाठी, परवा कशासाठी खणली ते विचारायचं नाही. वायर पहिल्या कुदळीला तुटली असती.

नाना एवढा वेळ गप्प होते. दूध बहुतेक नासलं असावं. ते म्हणाले, “काकू, तुम्ही 26 जुलै विसरलात?”

मग भिंतीवरची चेष्टा थांबली.

हेंद्रेपाडा उल्हास नदीच्या काठाला. मांजर्ली, रमेशवाडी, वालिवली, आम्ही, ही सगळी बदलापूर पश्चिमेची बाजू नदी फुगली की आधी भरते. बदलापूरच्या पुलाजवळ नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50 मीटर. हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. 26 जुलै 2005 ला ती नदी घरात आली. 27 जुलै 2019 ला पुन्हा आली. त्याच दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना सोडवायला एनडीआरएफच्या आणि नौदलाच्या लोकांना यावं लागलं. बाहेरच्यांना ती गाडी आठवते. इथल्यांना आपापल्या माळ्यावर काढलेली रात्र आठवते.

“पानी आयलं ना बाय, तवा मामंजींनी पयले काय केलं ठाऊक हाय?” काकू 2005 ची गोष्ट सांगत होत्या. “आमी पोरांना वर चढवतोय, तांदूल उचलतोय. मामंजी कोयता घेऊन गोठ्यात जेले. गाईचं दावं कापलं, म्हशीचं कापलं, मग मोत्या कुत्र्याची दोरी. गाठ सोडत नाय बसले, कापली. म्हनले, जित्राबाला मोकलं सोडलं तर त्याची अक्कल त्याला वाचवते. गाय टेकाडावर जेली. मोत्या तिसऱ्या दिशी आयला. पाय सुजलेले, पन आयला.”

नाना म्हणाले, “दोरी कापता येते. टिप्याच्या डोक्यातली रेषा कापता येईल?”

मला या सगळ्या गप्पांत हा एक प्रश्न लाखाचा वाटला. पाणी चढलं की महावितरण वीज बंद करतं, डबा बंद पडतो, झटका उरत नाही. पण झेंडे काढून घेतल्यावरही रेषा लक्षात राहावी म्हणूनच तर तो शिकवलेला असतो. वीज गेली हे त्याला कोण सांगणार? पाणी पोटाला लागलं तरी तो रेषेपाशी थबकणार. आणि झटका मशीनची तार असेल, मशीन बॅटरीवर चालत असेल, तर त्याहून वाईट. ओल्या अंगाला झटका जोरात बसतो. ज्या गावात वर्षातून एखाद्या रात्री सगळ्यांना घर सोडून पळावं लागू शकतं, तिथे घर न सोडायचं शिक्षण देणं म्हणजे त्याचा घात करणं आहे.

एवढ्यात धाकटा उठून आला. आम्ही चौघं त्याच्याकडे असे बघत होतो की त्याने दात घासायच्या आधी विचारलं, “मी काय केलं?”

त्याचीही बाजू आहे. तो सकाळच्या लोकलला लटकून जातो, रात्री उशिरा येतो, पाववाला त्याच्याकडे पैसे मागतो. साखळीने बांधावं तर टिप्या दिवसभर रडतो आणि वरून वहिनी ओरडतात. तेही कायद्यात बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा मानतो. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही तर तोही गुन्हा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात आता दोन वडापाव येतात. पण मोकाट सोडावं आणि टिप्या कोणाला चावला, तर भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे. सहा महिने कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बांधला तर गुन्हा, सोडला तर गुन्हा. धाकट्याला करंट सुचला यात त्या बिचाऱ्याचा फार दोष नाही.

मग उपाय काय ठरला? ठरवला नानांनी, खर्च धाकट्याचा, श्रेय काकूंचं. भिंतीवर लोखंडी अँगल ठोकायचे, वरचं टोक अंगणाच्या बाजूला वाकवलेलं, आणि त्यावर जाळी. आतल्या बाजूला झुकलेली जाळी कुत्र्याला चढता येत नाही, कारण उडी मारली की ती डोक्यावर येते. कुत्रा उकरून बाहेर पडू नये म्हणून भिंत संपते तिथे, गेटच्या दोन्ही बाजूंना, शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडायचे. गेटखालच्या फटीला पत्रा. गेटची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे, म्हणजे पुराच्या रात्री घरात कोणी नसलं तरी शेजारी टिप्याला सोडू शकेल. ही कडीची कल्पना माझी, तेवढं श्रेय मी सोडणार नाही.

आणि निम्मं काम जाळीचं नाहीच. टिप्याची नसबंदी करायची. भटकायची ओढ त्याने बरीच कमी होते. सकाळी लोकलच्या आधी अर्धा तास धाकट्याने आणि संध्याकाळी नानांनी नदीच्या बाजूला फिरवून आणायचं, कारण दमलेला कुत्रा घंटी ऐकून फक्त एक डोळा उघडतो. रेबीजची लस दरवर्षी, आणि पुराच्या भागात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, लस असलेलं इंजेक्शन पावसाआधी. लेप्टो कुत्र्याकडून माणसाकडेही येतो. पाववाल्याला सांगायचं की आमच्या घरासमोर घंटी न वाजवता हाक मार. यातली पाववाल्याची अट सगळ्यात अवघड निघाली. तो म्हणतो, घंटी माझी, रस्ता सरकारचा.

वहिनींना हे सगळं फार गावठी वाटलं. न्यू जर्सीत असं काही करत नाहीत, म्हणाल्या. खरंच करत नसतील. तिथे अंगण मोठं, भटके कुत्रे जवळपास नाहीत, आणि बहिणीच्या अंगणात उल्हास नदी येत नाही. कुंपण कुठलंही असो, ज्या मातीत ते उभं करायचं तिची चौकशी आधी करावी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. तेवढी पुरते त्याला. कुत्र्याची धाव कधीतरी कुंपणापलीकडे जायला हवी, निदान आमच्या पाड्यात.

तेव्हा हेंद्रेपाड्यातल्या, मांजर्लीतल्या, रमेशवाडीतल्या सगळ्या कुत्रेवाल्यांना एवढीच विनंती. मीटरमधली वायर भिंतीवर आणू नका, पट्ट्यातला झटका गळ्यात घालू नका. जाळी लावा, फिरवा, लस टोचा. आणि नदीने 16.50 मीटरचा आकडा गाठल्याचं कळलं की गाडी उंचावर न्यायच्या आधी गेट उघडा, साखळी सोडा.